आकृतीत नसलेली दरी

“मग यात दरी का नाही काढलीत, महाराज?”

त्रिविक्रम धापा टाकत उभा होता. त्याचं बोट मठापुढच्या सपाट शिळेवर होतं.

डोंगरापलीकडच्या धनगरवाड्यावर एक बाळंतीण तापानं फणफणली होती. तिचं औषध देऊन त्याच्या गुरूंनी, मंगळनाथांनी, त्याला सकाळीच धाडलं होतं. निघताना कोळशानं या शिळेवर वाट काढून दाखवली होती... एक रेघ, मध्ये वड, शेवटी वाडा.

वडापुढं दरी लागली. त्रिविक्रम तिथूनच माघारी फिरला.

“औषध?” नाथांनी विचारलं.

त्यानं कमरेची पुडी काढून दिली. नाथांनी ती रेवणच्या हातात ठेवली. रेवण त्यांचा दुसरा शिष्य. तो शिळेपाशी वाकला, रेघ पाहिली आणि डोंगर चढू लागला.

त्रिविक्रम त्याच्या पाठीकडं बघत राहिला. याला आधीच काहीतरी सांगून ठेवलेलं असणार. नाहीतर न विचारता कोण निघेल? पाठशाळेत त्यानं यंत्रं काढली होती, कुंडल्या मांडल्या होत्या. आकृतीत कुठं काय दडवतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

नाथ रागावलेही नाहीत. याचा तर त्याला जास्तच संशय आला.

“मला मुद्दाम अर्धवट आकृती दिलीत तुम्ही.”

“काय राहिलं?”

“दरी.”

नाथांनी कोळसा उचलला. वडापुढं एक जाड पट्टा ओढला.

“दरीत अस्वलं असणार.”

नाथांनी तिथं कोळसा घासला.

“उतारावरचे दगड सुटे आहेत. पलीकडं रान माजलंय. परतताना अंधार झाला तर...”

नाथ काढत गेले.

त्रिविक्रम सांगत गेला. साप, धुकं, वाड्यावरची कुत्री... आणि वाड्यावरचे लोक तरी अनोळखी माणसाला दारात उभं करतील कशावरून?

नाथांनी तेही काढलं.

कोळसा संपला. शिळा काळीकुट्ट झाली होती. वर, डोंगराच्या वळणाआड, रेवण दिसेनासा झाला होता.

त्रिविक्रम वाकून शिळेवर शोधू लागला. वड गेला होता. वाडाही गेला होता...

“आता यात वाट कुठाय?”

मंगळनाथांनी हात झटकले.

“वाटेबद्दल तू काही विचारलंच नाहीस.”