यसाक्कानं मोगरा वाढवला

फार वर्षांपूर्वी, म्हणजे मळाईच्या देवळाला अजून पायऱ्याही नव्हत्या तेव्हा, आमच्या गावात यसाक्का नावाची माळीण होती. घाटाखालून नांदायला आलेली. आमच्या गावात बाहेरून आलेली सून नुसती शिंकली तरी लोक कारण विचारत. अजूनही विचारतात म्हणा.

देवळामागं देवीची मोगऱ्याची बाग होती. चैत्री पौर्णिमेला मळाईला मोगऱ्याचा पोशाख चढायचा. पण देवीच्या झाडाला कोयता लावायचं कुणाचं धाडस होत नव्हतं. झाडं माजली, पानंच पानं झाली, आणि फुलं इतकी आटली की पोशाखाचा नुसता गजरा उरला. सासू गेल्यावर ही बाग यसाक्काकडं आली.

पौष लागला. साधी सोयरीकही कुणी बोलत नाही असा महिना. त्यात हिनं आधी पाणी तोडलं, मग पानं ओरबाडली, आणि एका सकाळी कोयता घेऊन सगळी झाडं गुडघ्याएवढी करून टाकली. भैरू गुरव पूजेला आला तो बघतच राहिला.

"यसे, ह्ये काय केलंस गं?"

"मोगरा वाढवला, मामा," ती म्हणाली.

इथंच घोटाळा झाला. आपण नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तरी ती वाढली. यसाक्काच्या माहेरी देवाच्या झाडाला 'कापलं' म्हणायचं नाही, म्हणून छाटणीलाही वाढवणंच म्हणत. गुरवाच्या डोळ्यांपुढं मात्र फुटक्या बांगड्याच आल्या. हिनं देवीचं सौभाग्य मोडलं, असं तो गावभर सांगत सुटला.

मग काय! कुणी म्हणालं, ही करणी करते. कुणी म्हणालं, फांद्या चोरून माहेरी धाडल्या. तिच्या दारावरून जाताना बायका पोरांना पदराखाली घ्यायला लागल्या. गावकीनं ठरवलं, चैत्री पौर्णिमेला पोशाखापुरती फुलं आली नाहीत तर हिनं आपल्या तान्ह्या पोरीला काखोटीला मारून गाव सोडायचं. नवरा खाली मान घालून ऐकत बसला. मला त्याचा अजून राग येतो.

शिवरात्रीनंतर तिनं झाडांना पुन्हा पाणी सोडलं. "नव्या फुटीलाच कळी धरती," एवढंच ती म्हणायची. ही पाण्यात काही मिसळते की काय, म्हणून तेव्हाही तिच्यावर पाळत होतीच.

आणि पौर्णिमेला बाग अशी फुलली की तोडणारे थकले पण फुलं संपेनात, असं म्हणतात. देवी गळ्यापर्यंत फुलांत बुडाली. वासानं ओढ्यापलीकडचे बैल चरायचे थांबले, असंही म्हणतात. तरी भैरू गुरव पुटपुटलाच, "भायेरनं आणली असतील."

यसाक्कानं सगळ्यांदेखत कोयता त्याच्या हातात दिला. "मामा, फुडल्या पौषात पयली फांदी तुमी वाढवा. फुलं आली तर देवीची. न्हाई आली तर जबाब तुमचा."

यसाक्का मेली नाही, मोगऱ्यातच शिरली, असं म्हणतात. खरंखोटं मळाईला ठाऊक. पण आमच्याकडं अजून पौषात तिच्या नावानं पहिली फांदी वाढवतात, आणि तो मान गावातल्या सगळ्यात संशयी माणसाचा असतो. असा माणूस शोधायला आम्हाला कधी लांब जावं लागलेलं नाही. वर्षभर दुसऱ्यांच्या नावानं कुजबुजणारा तो गडी फांदीला हात लावताना घामाघूम होतो, "यसाक्का, सांभाळ गं" म्हणतो, आणि मागं उभं असलेलं सगळं गाव त्याच्याकडं संशयानं बघत असतं.