सावकाश दे गं!

फार जुनी गोष्ट. खारूताईने घुशीकडून दहा दाणे उसने घेतले. “सावकाश दे गं,” घूस गोड हसून म्हणाली. दर पौर्णिमेला व्याजाचे दोन दाणे तेवढे न्यायची. वर्ष सरलं, तरी दहा तसेच!

आता कावळ्याकडून उसने घेऊन घुशीला द्यावेत, की रानच सोडावं? खार रडवेली झाली.

शेजारच्या मुंगीने वारुळातून दहा दाणे काढून दिले. “घुशीचे आधी फेडून टाक. मला व्याज नको, पण रोज एक दाणा हवा. उद्यापासून!”

रोज सकाळी मुंगी दारात हजर. खार वैतागायची, पण आपल्या घासातला दाणा द्यायची.

दहाव्या दिवशी शेवटचा दाणा देताना तिचे डोळे भरून आले. “मुंगीताई, तुझे उपकार कसे फेडू?”

मुंगी हसली. “ते मात्र सावकाश फेड.”