देशमुखांनी पाडलेली भिंत

आंबळवेढ्याला बाजाराच्या दिवशी आलात तर एक गोष्ट नजरेत भरल्याशिवाय राहत नाही. बाजाररस्त्याच्या कडेला एक मोठं दालन आहे, चांगलं सागवानी खांबांचं, कौलारू छपराचं, आणि त्याला भिंती तीनच. ऐन रस्त्याच्या बाजूला काहीच नाही. आत सीतेचं लग्न रंगवलेलं आहे. खालपासून वरपर्यंत नुसती माणसंच माणसं. कांदे निवडता निवडता बाया त्याच्याकडे बघतात. भाव करता करता लोक विसरतात की आपल्याला मेथी घ्यायची होती की शेपू. बाहेरचे पाहुणे हमखास विचारतात, "भिंत पडली वाटतं?" मग गावातला कुणीही म्हातारा जरा ताठ होतो. "पडली नाही, आमच्या देशमुखांनी पाडली," असं म्हणून तो पाहुण्यांना पारावर बसवतो, कारण ही गोष्ट उभ्या उभ्या ऐकायची नाही असा त्याचा हट्ट असतो.

फार जुन्या काळी इथे हैबतराव देशमुख नांदत होते. माणूस तापट, पण चित्रांचं मोठं वेड. त्यांनी वाड्याला लागून हे दालन बांधलं आणि सुभानजी चितारी नावाच्या कलावंताला बोलावून घेतलं. सुभानजीचा हात असा की त्यानं मोगरा काढला तर बघणारा नाक पुढे करी, असं सांगतात. पण तेव्हा त्याचं वय झालं होतं, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं होतं. हे आपलं शेवटचं काम, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

देशमुख सुरतेहून रंग मागवणार होते. सुभानजी म्हणाला, नको, इथल्या भिंतीला इथलेच रंग धरतील. तो वाटी घेऊन दारोदार फिरला. कुंभारानं गेरू दिला, रंगाऱ्यानं नीळ दिली, माळणींनी हळद दिली. भिवरा तेलिणीनं तिळाच्या दिव्यावर धरलेली काजळी दिली. सुभानजीनं प्रत्येकाला शब्द दिला, "चित्र झालं की पैलं तुमास्नी दावीन." आणि रंगांबरोबर त्यानं मुकाट्यानं त्यांचे चेहरेही उचलले. जनकाच्या नगरीतले सगळे वऱ्हाडी आंबळवेढ्याचेच झाले. चौथ्या भिंतीवर, म्हणजे रस्त्याच्या बाजूच्या, यजमान म्हणून खुद्द हैबतराव घोड्यावर बसलेले काढले. ते चित्र सगळ्यांत देखणं उतरलं. सुभानजीचा त्याच्यावर जीव जडला होता.

काम संपत आलं, फक्त डोळे उघडायचे राहिले. चितारी लोक डोळे सगळ्यांत शेवटी काढतात. आणि तेव्हाच देशमुखांनी दालनाला कुलूप घातलं.

त्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. त्यांच्या वडिलांनी देवळात देवीचं सुंदर चित्र काढवून घेतलं होतं. लोकांनी भक्तीनं तिला इतकं हळदकुंकू फासलं की वर्षभरात देवीचं नाक नाहीसं झालं, मग ओठ, मग देवीच नाहीशी झाली. लहानगा हैबतराव तेव्हा ढसाढसा रडला होता म्हणे. म्हणून त्यांनी खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, की माझ्या आवतणाशिवाय ह्या दालनात कुणी पाऊल टाकणार नाही. आवतण जाणार होतं ते मोजक्या सरदारांना.

सुभानजीची पंचाईत झाली. पाणवठ्यावर गेला की बाया विचारायच्या, "चितारीबाबा, आमची हळद कुनाच्या अंगाला लागली?" भिवरा तर रस्त्यात गाठायची. "माझ्या काजळीचं काय केलंत? का लोणच्यात घातलीत?" सगळे हसायचे आणि सुभानजीही हसायचा, पण घरी आला की त्याला भाकर गोड लागत नसे. आयुष्यभर त्यानं वाड्यावाड्यांतून चित्रं काढली आणि ती कुलपाआड गेली. शेवटचं तरी चारचौघांनी बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

एक दिवस तो देशमुखांपुढे हात जोडून उभा राहिला. "सरकार, डोळं मी उघडनार न्हाई."

"का? बिदागी कमी पडली?"

"तसं न्हाई. लगीन काढलंय आनि गावाला आवतन न्हाई. त्या वऱ्हाडानं डोळं उघडून बघायचं कुनाकडं?"

देशमुख भडकले. तुझ्यावाचून अडतंय का, म्हणून त्यांनी स्वतः कुंचला घेतला आणि एका बैलाचे डोळे काढून पाहिले. बैल चकणा झाला. तो तसाच आहे, डाव्या भिंतीवर खालच्या कोपऱ्यात. पोरं पहिल्यांदा त्यालाच शोधतात. देशमुखांनी कुंचला खाली ठेवला.

शेवटी दर्याबाईंनी, म्हणजे देशमुखांच्या पत्नीनं, विषय काढला. "आत बसवत नाही हो. एवढं वऱ्हाड आहे, पण कुणीच बघत नाही. लग्नघर असून सुतक असल्यासारखं वाटतं."

"शपथ घेतलीय मी."

"शपथ आवतणाशिवाय येणाऱ्यांची आहे. मग द्या की आवतण सगळ्यांना!"

"आणि कुंकू फासलं म्हणजे?"

"लग्नात कुंकू माणसांना लावतात, भिंतींना नाही. ते मी बघते."

हैबतराव तापट होते, तसेच एकदा पटलं की मागे न बघणारे होते. दुसऱ्याच दिवशी घरोघर अक्षता गेल्या. आणि लग्नाचं आवतण म्हटल्यावर गाव एकटं येतं होय? प्रत्येकानं आपले सोयरे आणले. दालन गच्च भरलं, अंगणात मुंगीला वाव राहिला नाही. आतले बाहेर पडेनात, बाहेरच्यांना आत जाता येईना. दर्याबाई दारात कुंकवाचा करंडा घेऊन प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावत होत्या आणि बजावत होत्या, "हात पाठीमागं!" भिवरेनं तर सासूला पाठुंगळी घेतलं होतं, आणि म्हातारीचा धीर सुटत चालला होता. तशात बाजारातले वाटसरूही रस्त्यावर गोळा झाले. त्यांना आवतण नव्हतं. आतला कल्ला ऐकत ते भिंतीला कान लावून उभे राहिले.

भिवरा गर्दीतूनच ओरडली, "अवो सरकार, लग्नाच्या मांडवाला कुठं भिंती असत्यात?"

सगळे हसले. देशमुख तेवढे हसले नाहीत. त्यांनी रस्त्याकडच्या भिंतीकडे पाहिलं. छत खांबांवर होतं, भिंत गेली तरी हलणार नव्हतं. आणि भिंत नसली तर वाटसरूंना आत पाऊलच टाकायला नको. रस्त्यावरूनच सगळं दिसेल, शपथही राहील. पण त्या भिंतीवर ते स्वतः घोड्यावर बसलेले होते.

त्यांनी सुभानजीला जवळ बोलावलं. "चित्र माझं असलं तरी हात तुमचा आहे. सांगा, काय करू?"

असं चित्र सुभानजीच्या हातून पुन्हा होणार नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं चित्रातल्या घोड्याच्या मानेवरून एकदा तळवा फिरवला आणि म्हणाला, "पाडा सरकार. बाहेर मानसं तिष्ठत्यात."

पहिली पहार हैबतरावांनी मारली. मग गाव तुटून पडलं, आणि लग्न म्हणून वाजंत्री घेऊन आलेल्यांनी कुणी न सांगता सूर धरला. धूळ खाली बसली तशी रस्त्यावरची माणसं माना उंचावून बघू लागली. मग अंगणातून रस्त्यावर आलेल्या गावकऱ्यांना एकेक ओळख पटू लागली. "अगं, ही तर भिवरा! कलवरी झालीया!" भिवरेनं पदरानं सासूचे डोळे पुसले, मग स्वतःचे. सुभानजीनं तिचीच काजळी खलून, सगळ्या गावादेखत, एकेका वऱ्हाड्याचे डोळे उघडले. लोकांनी अक्षता उधळल्या, पण चित्रावर नाही, एकमेकांवर.

सगळ्यांत शेवटी सुभानजी शिडीवरून खाली उतरला. आधीच धूसर दिसत होतं, त्यात डोळे भरून आलेले. म्हणाला, "सरकार, समदी आली, तुमीच ऱ्हायलात. आता तुमास्नी कुठं काढू? जागा न्हाई उरली."

हैबतराव म्हणाले, "नका काढू. मी बघणाऱ्यांत उभा राहतो." आणि ते पाडलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्यावर, भिवरेच्या सासूशेजारी जाऊन उभे राहिले.

आजही दरवर्षी त्या दिवशी आंबळवेढ्यात घरोघर अक्षता जातात आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिल्या जातात. आजही पावसाळ्यात बाजारकरीच आपणहून बांबूचे तट्टे बांधून चित्रं झाकतात, आणि बघणारे हात पाठीमागे धरतात. गोष्ट संपली की म्हातारा पाहुण्यांना उठवतो आणि हैबतराव जिथे उभे राहिले त्या जागी नेऊन उभं करतो. तिथून तिन्ही भिंतींवरचं वऱ्हाड आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. मग कितीही मोठा माणूस असो, तो नकळत आपला सदरा सारखा करतो.