कुंपणातली राई

डोंगराच्या पायथ्याशी एक पेठ होती आणि त्या पेठेत केरबा नावाचा एक खानावळवाला राहत असे. घाट चढणारे-उतरणारे सगळे वाटसरू त्याच्याकडे जेवत, रात्रीचा मुक्काम करत. तीस वर्षं त्याचं घर कधी रिकामं राहिलं नाही. पाहुणे वाढले की केरबा स्वतःची घोंगडीसुद्धा देऊन टाकी आणि आपण चुलीजवळ पोतं पांघरून निजे. दारच्या शेवग्याच्या शेंगा कोणीतरी तोडून नेई. न्हाणीत तापवलेलं पाणी आधी दुसराच कोणी घेई.

"अनसे," तो बायकोला म्हणे, "जगात एक तरी जागा अशी हवी, की जिथे आपल्याशिवाय कोणाचा पाय पडणार नाही."

अनसा हसे. "अशी जागा माणसाला एकदाच मिळते, आणि तिथे त्याला चौघं जण पोचवतात."

पण केरबाच्या मनात ती जागा कधीची ठरलेली होती. घाटाच्या वर, खिंडीच्या अलीकडे, एक राई होती. फार मोठी नव्हे. एका टोकाने शिरावं आणि पान खाऊन होईतो दुसऱ्या टोकाला निघावं, एवढीच. हिरडा, जांभूळ, ऐन, अंजनी अशी जुनी झाडं आणि खालच्या कोपऱ्यात बारा महिने वाहणारा झरा. राई एका म्हाताऱ्या इनामदाराची होती. त्याच्याने आता डोंगर चढवत नव्हता. केरबाने खानावळ विकली आणि राई घेतली.

खरेदीच्या दिवशी इनामदार म्हणाला, "राई तुझी झाली, केरबा. पण खिंडीपलीकडच्या वाडीची तिथे वहिवाट आहे. माझ्या आजाच्या वेळेपासून."

"कागदात तसं लिहिलंय का?"

"कागदात नाही."

"मग झालं तर," केरबा म्हणाला आणि त्याने कागदाची घडी खिशात घातली.

नवराबायकोने झऱ्याजवळ कुडाचं एक घर बांधलं. पहिले काही दिवस केरबा नुसता फिरत होता. एकेका झाडाला हात लावून तो म्हणे, "हे माझं. हेही माझं." अनसाला त्याचं हसू येई आणि बरंही वाटे. इतक्या वर्षांत तिने त्याला असं मोकळं पाहिलं नव्हतं.

उन्हाळा लागला आणि वाडीची माणसं येऊ लागली. बायका हिरडा वेचायला येत. कोणी वाळलेल्या काटक्यांची मोळी बांधून नेई. कोणी झाडाखालचा पाला झाडून, टोपल्या भरभरून शेतावर नेई. पावसाआधी तो शेतात जाळून त्या जागी भाताचं बी पेरायची त्यांची रीत होती. पेठेत जाणारेही राईतूनच जात, कारण खिंडीतून उतरणारी वाट तिथूनच होती. जाता-येता ते अनसाला हाक मारत, झऱ्याचं पाणी पीत, दोन घटका टेकत.

अनसाला ते आवडे. केरबाच्या मात्र कपाळावर आठी पडे. एका सकाळी त्याने पाहिलं, तर त्याने राखून ठेवलेल्या जांभळाखाली एक म्हातारी बसली होती आणि ओच्यात जांभळं वेचत होती.

"कोणाला विचारून घेतलीस?" केरबा ओरडला.

म्हातारीने वर पाहिलं. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "कोणाला विचारायचं असतं, बाबा? पडलेली आहेत."

तिचं नाव ठमाआजी. वाडीत सगळ्यांत वडील तीच. तिने ओच्यातली निम्मी जांभळं केरबापुढे धरली. "घे. या झाडाची गोड असतात."

माझीच जांभळं मला देते! केरबाच्या मनाला ते फार लागलं. त्या रात्री त्याला नीट जेवण गेलं नाही.

पावसाळा सरल्यावर त्याने पेठेतून माणसं आणली आणि राईभोवती दगडाचा गडगा घातला. गडग्यावर बोरी-बाभळीचे काटे रचले. स्वतःला पेठेत उतरायला तेवढं खाली एक अरुंद दार ठेवलं. खिंडीतली वाट तर त्याने छातीइतक्या उंच दगडांनी बुजवली आणि वर निवडुंग लावला. वाडीची माणसं आली, त्यांनी ते पाहिलं आणि ती आल्या वाटेने परत गेली.

होळी झाल्यावर ठमाआजी एकटीच लांबून वळसा घालून आली. दारात बसली. अनसाने दिलेलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "केरबा, लेका, भांडायला आले नाही मी. फळं तुझी. लाकूड तुझं. वाटही बंद केलीस, आम्ही दुसरीकडून जाऊ. पण वर्षातून आठ दिवस वाडीला आत येऊ दे. आम्ही पाला झाडून नेतो. डोंगराच्या अंगाने दहा हात रुंद पट्टा साफ करून ठेवतो. पलीकडच्या माळावर दरसाल वणवा लागतो. साफ जागा लागली की तो तिथेच मरतो."

केरबाने विचार केला. पाला न्यायचा म्हणून येतील, मग मोळी न्यायची म्हणून, मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं. एकदा फट ठेवली की भिंत ती कसली?

"माझं रान आहे, आजी. मी बघीन."

"तुम्ही दोघंच आहात. आम्ही चाळीस माणसं आठ दिवस राबतो."

"सांगितलं ना. मी बघीन."

अनसा आतून म्हणाली, "अहो, येऊ द्या ना. आठच दिवस."

"तू मध्ये बोलू नको."

ठमाआजी गुडघ्यावर हात टेकून उठली. "बरं," एवढंच म्हणाली आणि गेली.

केरबा नुसताच बोलणारा नव्हता. त्या वर्षी तो खराटा घेऊन खरंच वर गेला. चार दिवस त्याने आणि अनसाने पाला ओढला. पाचव्या दिवशी केरबाची कंबर धरली. पुढच्या वर्षी त्यांनी दोन दिवस झाडलं. त्याच्या पुढच्या वर्षी केरबा म्हणाला, "इतकी वर्षं काही झालं नाही. आता काय होणार आहे?"

आणि राई तर दिवसेंदिवस देखणी होत होती. काटक्या कोणी उचलत नव्हतं, रोपटी कोणी तुडवत नव्हतं. पाल्याचा थर इतका जाड झाला, की पाय टाकला की घोट्याच्या वर बुडे. भेकरं निर्धास्त येऊन झऱ्यावर पाणी पीत. संध्याकाळी केरबा दारात बसून हे सगळं पाही आणि त्याचे डोळे भरून येत. त्याचं राईवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. फार प्रेम होतं.

चौथ्या वर्षी, चैत्र संपता संपता, भर दुपारी अनसा धुणं वाळत घालत होती. तिला करपल्याचा वास आला. तिने वर पाहिलं, तर डोंगराच्या माथ्यावर धुराची भिंत उभी होती. माळावरचा वणवा वाऱ्याबरोबर खाली सरकत होता.

केरबा ओली फांदी घेऊन धावला. गडग्यापाशी पोचला आणि त्याने पाहिलं, की आग दगडांसाठी थांबत नाही. काटे आधी पेटले. मग ठिणग्या पाल्यावर पडल्या आणि पाला नुसता भडकला. एका जागी झोडपावं तर मागे दुसरीकडे पेट घेई. हिरड्याच्या बुंध्याला ज्वाळा भिडल्या. जांभळाची हिरवी पानं तडतडत जळू लागली. केरबाचे हात भाजले, भुवया जळाल्या, तरी तो झोडपतच होता. शेवटी अनसाने त्याला कमरेला धरून ओढत झऱ्यापर्यंत आणलं. दोघं पाण्यात बसली. चहूबाजूंनी आग होती, पेठेकडचं दार ज्वाळांपलीकडे राहिलं होतं आणि बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. गडगा त्यांनीच घातला होता.

वाडीने धूर पाहिला होता. होती नव्हती तेवढी सगळी माणसं हिरव्या फांद्या घेऊन निघाली. पण खिंड बंद. निवडुंग माणसाच्या डोक्यावर गेला होता आणि पलीकडे आगीची धग होती. मग ती कड्याखालून, करवंदीच्या जाळ्यांतून वळसा घालत धावली. पोचेपर्यंत उन्हं कलली होती.

त्यांनी गडगा खालच्या बाजूने ढासळला, झऱ्याभोवतीचा पाला हातांनी ओरबाडून दूर फेकला, उरलेली आग झोडपून मारली आणि नवराबायकोला बाहेर काढलं. झऱ्याजवळची दहा-बारा झाडं वाचली. बाकी राई उभीच्या उभी काळी झाली होती.

वाडीतला एक बाप्या धापा टाकत दगडावर बसला होता. करवंदीच्या काट्यांनी त्याचे पाय रक्ताळले होते. केरबाने त्याच्यापुढे हात जोडले.

तो माणूस रागावला नाही. तो नुसता म्हणाला, "खिंडीतून आलो असतो तर पान खाऊन होईतो पोचलो असतो. हिरडा तरी वाचला असता."

एवढं बोलून तो उठला आणि बाकीच्यांबरोबर निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर केरबाला सोसवलं असतं.

हातांच्या जखमा भरल्यावर केरबाने स्वतःच्या हातांनी गडगा पाडला. खिंडीतला निवडुंग तोडला, दगड बाजूला केले. मग तो वाडीत गेला. ठमाआजी ओटीवर बसली होती. तिला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं.

"आजी, मी चुकलो," केरबा म्हणाला. "गडगा काढला. वाट मोकळी केली. आता पहिल्यासारखे या. राई तुमचीच समजा."

आजीने त्याच्या आवाजाकडे कान दिला. मग म्हणाली, "तुझं बोलणं खोटं नाही, लेका. पण आता काय न्यायला येऊ?"

केरबा तिच्यापुढे ओटीच्या पायरीवर टेकला.

"बायकांनी हिरड्यासाठी पलीकडचा डोंगर धरला," ती म्हणाली. "चार वर्षांत पायांना ती सवय लागली. पोरींना तर तुझ्या राईतली झाडं ठाऊकसुद्धा नाहीत. त्यांना मी काय सांगून पाठवू?"

"झाडं पुन्हा वाढतील ना?"

"वाढतील की. बुंध्यांना पालवी येईल. तो हिरडा मी परकर नेसायचे तेव्हा माझ्या खांद्याएवढा होता." ती केरबाच्या दिशेने वळली. "तुझं वय काय रे?"

"साठ सरली."

आजीने हात पुढे केला, तो चाचपडत केरबाच्या भाजलेल्या हातावर आला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

पुढच्या पावसाळ्यानंतर जळक्या बुंध्यांना खरोखरच तांबूस पालवी फुटली. ठमाआजी त्याच हिवाळ्यात गेली. होळी झाली की केरबा आणि अनसा खराटे घेऊन डोंगराच्या अंगाला जात आणि पाला झाडत. दोन म्हातारी माणसं ती. एका टोकाने झाडत खिंडीपर्यंत यावं, तोवर वाऱ्याने मागचा पट्टा पुन्हा भरलेला असे. मग अनसा म्हणे, "चला, पुन्हा मागून धरू." केरबा खराट्यावर हात टेकून उभा राही आणि खिंडीतून वाडीकडे जाणाऱ्या वाटेकडे पाही. आता तिला आड कुठेच काही नव्हतं. फक्त तिच्यावर गुडघाभर गवत उगवलं होतं.

तात्पर्य: रान कागदावर विकत घेता येतं. ते राखणारी माणसं मात्र विकत मिळत नाहीत, आणि एकदा तोडलेली वाट दगड बाजूला केल्याने लगेच वाहती होत नाही.