भेगाळ चुनखडी आणि एक तीळ

"मग ही ज्योत जळते कशावर, बाबा? खाली तेल नाही, तर कशावर?"

विश्वंभर देवतळेने हाच प्रश्न पुन्हा विचारला. सुरतनाथबाबा चुनखडीच्या गुहेत, भेगेतून निघणाऱ्या निळसर ज्योतीपाशी बसले होते. एके काळी कॉलेजात त्यांनीच विश्वंभरला दगड वाचायला शिकवलं होतं. मग नाथपंथाची दीक्षा घेऊन, कानांत मुद्रा घालून ते इथे येऊन राहिले.

विश्वंभर तेल शोधणाऱ्या कंपनीत होता. हुशार खरा, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ! त्याच्या दोन विहिरी कोरड्या गेल्या होत्या, आणि तिसरीला तेल लागणारच, असं पठ्ठ्याने पेपरवाल्यांनाही सांगून टाकलं होतं. तीही कोरडी गेली तर नोकरी गेलीच म्हणायची. ज्योतीशेजारी खणायला त्याला आज बाबांचा होकार हवा होता.

"तेल साठतं कशाने?" बाबांनी विचारलं.

"खालचा काळा थर शिजून तेल सुटलं पाहिजे. चुनखडीला भेगा पाहिजेत, नाहीतर ते मुरणार कुठे? आणि वर कमानीसारखी घडी. इथे सगळं आहे, सर!... बाबा."

"आणि?"

विश्वंभरने ज्योतीखालच्या भेगेकडे पाहिलं.

...

"झाकण," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांच्या वर, न तडकलेला थर. चिकणमातीचा."

बाबांनी शेजारचा ओल्या मातीचा गोळा उचलला आणि भेगेवर थापला. ज्योत विझली. भरदुपारी गुहा अंधारली.

...

मग विश्वंभरच्या पायाशी काहीतरी फुसफुसलं. त्याने तिथे टाच दाबली. फुसफुस मागच्या भिंतीत गेली. तिथे तळहात टेकवला, तर मानेवर गार फुंकर आली. छतातून, कोपऱ्यातून, जमिनीतून दगड कुजबुजत होता. शब्द ओळखीचे होते.

"इथंच आहे... लागणारच... मी सांगतो ना..."

आवाज त्याचाच होता.

त्याने दोन्ही कानांवर हात दाबले. "बाबा, थांबवा हे!"

बाबांनी माती खरवडून काढली. कुजबुज थांबली. काडी कोणीच ओढली नव्हती, तरी ज्योत पुन्हा लागली.

विश्वंभर ज्योतीसमोर येऊन बसला. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

"म्हणजे वर झाकणच नाही. इथलं सगळं तेल केव्हाच निघून गेलंय," तो म्हणाला. "इथे खणलं तर तिसरीही कोरडीच. मग कुठे खणू? तुम्हाला ठाऊक आहे, बाबा. सांगा ना. शपथेवर सांगतो, कुणापाशी बोलणार नाही."

बाबा हसले. झोळीतून एक तीळ काढून त्यांनी तो त्याच्या जिभेवर ठेवला.

"भिजला की सांग."