तिसरा पांढरा दगड

एका गावात एक चुना भाजणारा राहत होता. गावातल्या भिंतींना त्याचाच चुना आणि पानाच्या डबीतही त्याचाच.

त्याच्या बापानं शेवटच्या आजारात अंगणात तीन पांढरे दगड ओळीनं मांडले होते. म्हणाला, "बाळा, ही एका आईची भावंडं. दिसायला सारखी, पण ओळीत पुढे जाशील तसा दगड जड होतो आणि आगीला हट्टी होतो. पहिला हलका, थोड्या आचेत फुटतो. मधला आपला, चुनखडीचा. त्याला दिवसभर भट्टी लागते. तिसरा सगळ्यांत जड. तो आपल्या भट्टीला दाद देत नाही, आणि त्याची पूड पडली की जाळ हिरवा होतो. त्याला घरात आणू नको."

का, ते सांगायच्या आत म्हाताऱ्याला धाप लागली आणि त्यातच तो गेला. मुलाला वाटलं, लाकडं वाया जातील म्हणून म्हणाला असेल.

चुनेवाल्याची बायको मोठी भाविक. तिचं एकुलतं लेकरू सहा महिन्यांचं असतानाच देवाघरी गेलं होतं. तेव्हापासून तिचा नेम होता. श्रावणातल्या दर शुक्रवारी जिवतीची पूजा करायची, चुना पाण्यात विरवून वरची स्वच्छ निवळी काढायची, आधी स्वतः वाटीभर प्यायची आणि मग गावातल्या लेकरांना पळी-पळी द्यायची. "यांची हाडं घट्ट होऊ देत गं आई," एवढंच मागणं.

एका वर्षी पावसात खाण ढासळली. शेवटचा शुक्रवार दोन दिवसांवर आला आणि घरात चिमूटभर चुना नव्हता. बायका दारात येतील, त्यांना नाही कसं म्हणायचं? चुनेवाल्याला लाज वाटली. दरडीबरोबर जड दगड खाली आले होते, त्यानं तेच भट्टीत घातले. जाळ हिरवट झाला. त्यानं तोंड फिरवलं. भाजूनही दगड होता तसाच राहिला. पाणी टाकलं, तर ना सळसळ, ना वाफ. त्यानं तो कुटून पूड केली आणि मडक्यात घातली.

शुक्रवारी बायकोनं विचारलं, "अहो, या वेळी चुना उकळला नाही?"

"हवा दमट आहे. तुझं आपलं काहीतरीच!"

"पाणीही गढूळच दिसतंय."

"तू पूजा आटप बघू."

"बरं बाई! चुन्यातलं तुम्हाला कळतं, मी आपली चुलीपुढची," ती हसली आणि तिनं वाटी तोंडाला लावली.

त्याच्या घशाशी शब्द आला होता. एका वाटीनं काय होतंय, म्हणून त्यानं तो गिळला.

तासाभरानं बायका लेकरं घेऊन दारात आल्या. "काकू, आमच्या सोन्याला दोन पळ्या हं, दात यायचेत!"

"सगळ्यांना देते गं, ढकलाढकली नको," म्हणत तिनं पळी उचलली, ती हातातून गळून पडली. उचलायला वाकली, तर बोटं मिटेनात. पाय लुळे पडून ती तिथंच बसली.

चुनेवाल्यानं धावत येऊन मडकं छातीशी कवटाळलं. "कुणी घेऊ नका! हा चुना नाही! मला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं!"

"लेकरांनी घेतलं नाही ना?" तिनं विचारलं.

"एकानंही नाही."

"मग जिवतीनं राखलं म्हणायचं," ती म्हणाली. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

पुढच्या श्रावणातही खाण बंदच होती. शुक्रवारी बायका लेकरं घेऊन आल्या, तेव्हा तो पालथ्या मडक्याशेजारी बसला होता. मान खाली घालून म्हणाला, "आज चुना नाही. माझ्याकडे नाही."

"नाही तर नाही, काका," एक जण म्हणाली. "खाण उघडली की येऊ. त्यात काय एवढं?"

ते ऐकून तो ओंजळीत तोंड लपवून रडला. वर्षापूर्वी 'नाही' म्हटलं असतं, तर एवढंच ऐकावं लागलं असतं.

मग त्यानं डोळे पुसले आणि बापाचे तीन दगड लेकरांपुढे ओळीनं मांडले. "उचलून बघा रे. कोणता जड?"

एका चिमुरडीनं तिसरा दगड दोन्ही हातांनी कसाबसा उचलला. "काका, हा!"

"शाब्बास गं माझी बाई. आता हा खाली ठेव, आणि हात धुऊन ये."

तात्पर्य: रंग सारखा म्हणून गुण सारखा नसतो, आणि 'आज माझ्याकडे नाही' म्हणण्याची लाज कुणाच्या जिवाहून मोठी नसते.