आत्याची माळ

नदीकाठच्या एका गावात टॅबवर बोटाने खेळायचे खेळ रचणारा एक कारागीर राहायचा. नाव जयवंत. त्याचे खेळ इतके अवघड, की एकदा म्हणे त्याचा टॅबच हरला आणि तीन दिवस रुसून बसला.

त्याची आत्या सगुणा. चाळीस वर्षं तिने देवळासमोर बसून माळा ओवल्या. आता तिला स्मृतिभ्रंश झाला होता. वार, माणसं, आपण जेवलो की नाही, सगळंच निसटत चाललं होतं. मांडीवर हात ठेवून ती दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. त्या हातांना काहीतरी काम मिळावं, एवढंच जयवंताला हवं होतं.

म्हणून त्याने माळेचा खेळ रचला. फुलाला बोट लावलं, की फूल दोऱ्यात. वर पळतं घड्याळ. नेम चुकला, की लाल अक्षरांत ‘चूक’ आणि भोंगा.

आत्याने टॅब मांडीवर घेतला. शेजारच्या तांब्यात बोटं बुडवली आणि फुलांवर पाणी शिंपडलं. थेंबांनी पडदा भांबावला. भोंगा थांबेचना.

“आत्या, पाणी कशाला?”

“फुलं सुकतात रे, शहाण्या.”

जयवंताने तांब्या लपवला. आत्याची बोटं थोडा वेळ तांब्याची जागा चाचपत राहिली, मग मांडीवर परतली. दुसऱ्या दिवशी टॅब पुढे केला, तर म्हणाली, “नको बाबा. तो ओरडतो.”

जयवंत ओशाळला. त्याने घड्याळ काढलं, भोंगा काढला, ‘चूक’ हा शब्दच पुसून टाकला. फुलं बटाटेवड्याएवढी केली. बोट कुठेही पडो, थेंब कुठेही पडो, पुढचं फूल ओवलं जाणार. टॅबवर पातळ प्लास्टिक चढवलं आणि तांब्या स्वतःच भरून आणला.

आत्याने पाणी शिंपडलं. शेवंती ओवली गेली. मग झेंडू. हात चालू लागले. माळ पुरी झाली तसा जयवंत खूश. आत्या मात्र माळेचं टोक निरखत होती.

“तू कुणाचा रे?”

“तुझ्या भावाचा, आत्या.”

“भाऊ हुशार होता. गाठ कुठाय? अशी माळ देवळाच्या दारातच सांडेल.”

एवढ्या अवघड खेळांचा कारागीर, पण गाठ मारायचं त्याला सुचलंच नव्हतं. जयवंताने कान पकडले आणि खेळात गाठ घातली.

तात्पर्य: समोरच्याचा हात चुकला म्हणण्याआधी त्या हाताला काय येतं ते बघावं; चूक बहुधा आपल्याच कामात सापडते.